सोमल आणि सूक्ष्म जंतु



‘अमक्यानें आपल्या कर्तव्याला हरताळ फासला’ असें आपण सहज बोलून जातों. ज्यांनीं जुन्या हस्तलिखित पोथ्या हाताळल्या असतील त्यांना या शब्दप्रयोगाचें मूळ ठाऊक असेल. लिहितां लिहितां एखादें अक्षर चुकलें म्हणजे लेखक त्यावर हरताळाचा पिवळा लेप फाशीत असे, आणि तो वाळला म्हणजे त्यावर नवें अक्षर काढीत असे. पोथीला कसर लागूं नये म्हणूनही कागदाला हरताळ चोळण्याची चाल होती. हरताळ म्हणजे सोमल आणि गंधक यांचा संयोग, आणि सोमल हें जहाल विष आहे. तेव्हां कसर त्या कागदाच्या वाटेला जात नसे यांत नवल नाहीं. वैद्यांच्या बटव्यांत हा सोमल शोधन करून ठेवलेला असे. राजवाड्यांतील कारस्थानांत तो शोधनावांचूनच उपयोगी पडे. वास्तविक वैद्य ज्याला सोमल म्हणतात तो पांढरा खडा म्हणजे या मूलद्रव्याचा प्राणवायूशीं झालेला संयोग होय. परंतु सोयीसाठीं मूलद्रव्यालाच सोमल हें नांव देऊन मी आज बोलणार आहें.

या सोमलाशीं डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंचा व्यवहार कसा चालतो, आणि त्या व्यवहाराचा उपयोग दूषित पाणी शुद्ध करण्याकडे कितपत होऊं शकतो, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय रसायनशाळेंतला वाटला तरी त्याचें दुसरें टोंक बंगालमधील खेड्यांतल्या पाण्याच्या घागरीपर्यंत जाऊन पोंचतें. म्हणून आरंभ तेथूनच करूं.

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांनीं वाहून आणलेल्या गाळाची ती भूमि. तेथें पाण्याला तोटा नाहीं. पण तळ्यांचें व ओढ्यांचें पाणी पिऊन पटकी आणि अतिसार यांनीं माणसें, विशेषतः लहान मुलें, मरत असत. त्यावर उपाय म्हणून १९७० नंतरच्या दशकांत सरकारनें आणि युनिसेफसारख्या संस्थांनीं गांवोगांव नळविहिरी घेतल्या व हातपंप बसविले. पाणी नितळ, थंड आणि रोगजंतूंपासून मुक्त. लोकांना तो उपाय इतका पटला कीं पुढें त्यांनीं स्वतःच्या पैशानें घरोघर अशा विहिरी केल्या. हेतु चांगला होता, आणि अतिसारापुरता तो बऱ्याच अंशीं सफलही झाला. मात्र पाणी तपासतांना त्यांत सोमल आहे काय हें पाहण्याची त्या काळीं रीत नव्हती.

१९८३ सालीं कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेंतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे कांहीं खेडूत आले. त्यांच्या छातीवर व पाठीवर पावसाचे थेंब उडाल्यासारखे काळे ठिपके होते; तळहात आणि तळपाय जाड व खरखरीत झाले होते. डॉ. साहा यांनीं हीं लक्षणें सोमलाच्या विषबाधेचीं आहेत हें ओळखलें. १९८८ पासून जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती यांनीं गांवें पालथीं घालून विहिरींचें पाणी तपासण्याचें व्रत घेतलें. १९९३ सालीं बांगला देशांत, चापाइ नवाबगंज जिल्ह्यांत, तोच प्रकार आढळला. त्या देशांत १९९८-९९ मध्यें झालेल्या पाहणीवरून सुमारें ३.५ कोटि लोक तेथील मर्यादेहून अधिक सोमल असलेलें पाणी पीत असावेत असा अंदाज निघाला. पुढें सुमारें ५० लाख नळविहिरी तपासून त्यांच्या तोंडाला रंग देण्यांत आला; चांगल्या विहिरीला हिरवा आणि वाईट विहिरीला लाल. लाल विहिरींची संख्या १४ लाखांच्या घरांत गेली. एखाद्या लोकसमूहाला झालेली इतिहासांतील सर्वांत मोठी विषबाधा, असें तिचें वर्णन जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंतील एका लेखांत २००० सालीं करण्यांत आलें.

या विषाला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. पाणी उकळल्यानें तें जात नाहीं. उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एका लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ लाख लिटर पाण्यांत १ ग्रॅम, इतकी बारीक आहे. बांगला देशाची मर्यादा याच्या पांचपट आहे, आणि कित्येक विहिरी तीही ओलांडतात. विष एका दिवसांत मारीत नाहीं. वर्षानुवर्षें घोटाघोटानें तें अंगांत भिनतें. आधीं त्वचा बिघडते, आणि पुढें त्वचा, मूत्राशय व फुफ्फुस यांचा कर्करोग उद्भवूं शकतो. त्यांतही दुःखाची गोष्ट ही कीं, शेजारीपाजारी या डागांना महारोग समजत. कित्येक मुलींचीं लग्नें अडलीं आणि कित्येक विवाहित स्त्रियांना माहेरीं परत जावें लागलें. ज्या पंपानें मुलाचा प्राण वांचविला त्याच पंपानें आईच्या अंगावर हे डाग उठविले!

आतां प्रश्न असा कीं, हा सोमल त्या पाण्यांत आला कोठून? कोणा कारखान्यानें तो तेथें सोडला नव्हता. हिमालयाचे खडक झिजून नद्यांबरोबर जो गाळ आला त्यांतच तो होता. वाळूच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचें पातळ पुट असतें. सोमल त्या पुटाला घट्ट चिकटून बसला होता. तसाच तो बसून राहता तर कोणाचें कांहीं बिघडलें नसतें. त्याला उठविलें कोणीं, याचें उत्तर शोधतां शोधतां शास्त्रज्ञ जंतूंपाशीं येऊन पोंचले.

हें नीट समजण्यासाठीं श्वासोच्छ्वासाचा थोडा विचार केला पाहिजे. आपण अन्न खातों तेव्हां त्याच्या मंद ज्वलनांतून शक्ति मिळते. परंतु त्या वेळीं जे विद्युत्कण सुटतात ते कोणाच्या तरी पदरांत टाकावे लागतात. आपण ते प्राणवायूच्या पदरांत टाकतों, आणि आपल्याला श्वास लागतो तो त्यासाठींच. जमिनीच्या पोटांत, चिखलाच्या थरांखालीं, प्राणवायु पोंचत नाहीं. तेथील जंतूंनीं त्याच्या ऐवजीं दुसरें गिऱ्हाईक शोधून काढलें आहे. गाळांत गाडला गेलेला पालापाचोळा हें त्यांचें अन्न, आणि लोखंडाचा गंज हाच जणूं त्यांचा वायु. जिओबॅक्टर या कुळांतील जंतु असेच जगतात. विद्युत्कण मिळाले कीं गंजाचें रूप पालटतें आणि लोखंड पाण्यांत विरघळतें. मग त्या पुटावर बसलेल्या सोमलाला बसायला जागाच उरत नाहीं. २००४ सालीं मँचेस्टर विद्यापीठांतील फरहाना इस्लाम, जोनाथन लॉइड आणि त्यांचे सहकारी यांनीं बंगालचा गाळ हवाबंद ठेवून, त्यांतील जंतूंना खाद्य घालून हा प्रकार प्रयोगशाळेंत घडवून दाखविला. चोर सांपडला, पण तो चोर नव्हता. तो बिचारा आपला श्वास घेत होता.

सोमलाशीं जंतूंचा संबंध एवढाच असता तर माझें भाषण येथेंच संपलें असतें. परंतु हा संबंध फार जुना आणि फार विविध आहे. त्याआधीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. पाण्यांत सोमल मुख्यतः दोन रूपांनीं असतो. हवा मिळालेल्या पाण्यांत तो प्राणवायूचा अधिक अंश घेऊन राहतो. त्या रूपाला आर्सेनेट म्हणतात. त्यावर विद्युद्भार असल्यामुळें तें गंजाला सहज चिकटतें. हवा नसलेल्या पाण्यांत तो आर्सेनाइट या रूपानें असतो. त्यावर साधारण पाण्यांत विद्युद्भार नसतो, म्हणून तें सहसा कोठें अडकत नाहीं, आणि विष म्हणून तेंच अधिक जहाल. पहिलें रूप घरबसें, तर दुसरें भटकें, असें म्हणा ना. पुढची सारी कथा या दोन रूपांच्या अदलाबदलीची आहे.

पहिला व्यवहार स्वसंरक्षणाचा. मूलद्रव्यांच्या कोष्टकांत सोमलाचें घर स्फुरदाच्या नेमकें खालीं आहे; त्यामुळें आर्सेनेट हें स्फुरदाच्या क्षाराचें हुबेहूब सोंग घेतें. स्फुरदावांचून कोणत्याच जीवाचें चालत नाहीं. म्हणून जंतूच्या अंगांत स्फुरदासाठीं जीं दारें ठेवलेलीं असतात त्यांतून हा तोतया आंत शिरतो. आंत शिरल्यावर जंतु काय करतो? एका एन्झाइमच्या साह्यानें तो आर्सेनेटचें आर्सेनाइट करतो आणि तें पंपानें उपसून बाहेर फेकतो. सौम्य विषाचें जहाल विष करून मग तें हांकलून देणें ही उफराटी रीत वाटते. पण पृथ्वीच्या बाल्यावस्थेंत हवेंत प्राणवायु नव्हता. त्या काळीं जंतूंची गांठ बहुधा आर्सेनाइटशींच पडत असावी, आणि त्यालाच बाहेर काढणारा पंप आधीं तयार झाला असावा, असा तर्क आहे. या यंत्रणेचा एक पहारेकरीही असतो. आर्सेनाइटचा स्पर्श होईपर्यंत तो यंत्रणा बंद ठेवतो. स्पर्श झाला कीं बाजूला होतो.

दुसरा व्यवहार याच्या उलट, आर्सेनाइटचें आर्सेनेट करण्याचा. याचा शोध मोठ्या गमतीनें लागला. दक्षिण आफ्रिकेंत गुरांच्या अंगावरील गोचिडी मारण्यासाठीं गुरांना सोमलाच्या पाण्याच्या हौदांतून पोहून जावयास लावीत. हौदांतील औषधाचें रूप आपोआप पालटतें असें दिसून आलें. तेव्हां ग्रीन नांवाच्या संशोधकानें त्याच पाण्यांतून एक जंतु आर्सेनाइटचें आर्सेनेट करणारा, आणि दुसरा त्याच्या उलट करणारा, असे दोन जंतु वेगळे काढून १९१८ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. गोचिडींचा काळ ठरलेल्या पाण्यांत जंतु सुखानें नांदत होते!

तिसरा व्यवहार आर्सेनेटचाच श्वास घेण्याचा. लोखंडाच्या गंजाप्रमाणें आर्सेनेटच्या पदरांत विद्युत्कण टाकून जगणारा जंतु अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांतल्या गाळांत सांपडल्याचें १९९४ सालीं जाहीर झालें. पुढें कॅलिफोर्नियांतील मोनो नांवाच्या खाऱ्या सरोवरांत असे जंतु विपुल आढळले. चौथा व्यवहार सोमलाचा वायु करून सोडण्याचा. तो बुरशीलाही साधतो. गेल्याच्या मागल्या शतकाच्या अखेरीस युरोपांत भिंतींच्या कागदांना सोमलयुक्त हिरवा रंग देत. दमट खोल्यांतून लसणासारखा वास येई. हा वायु बुरशी तयार करते असें गोझिओ या इटालियन वैद्यानें दाखविलें. आणि त्याचें रासायनिक स्वरूप लीड्स येथील चॅलेंजर यांनीं १९३० नंतरच्या वर्षांत ठरविलें.

येथें एक इशारा दिला पाहिजे. स्फुरदाच्या जागीं सोमल वापरून आपला देह बांधणारा जंतु मोनो सरोवरांत सांपडला, असा गाजावाजा २०१० सालीं झाला. दोनच वर्षांत इतर शास्त्रज्ञांनीं तो दावा खोडून काढला, आणि २०२५ सालीं तो निबंध ज्या नियतकालिकानें छापला होता त्यानेंच तो मागें घेतला. जंतु सोमल सोसतात, पालटतात, त्याच्यावर श्वासही घेतात. परंतु सोमलाचें अन्न करून त्याला नाहींसा करणारा कोणी अगस्ति अद्याप भेटलेला नाहीं, आणि भेटणारही नाहीं. सांडलेलें तेल जंतु खाऊन टाकूं शकतात, कारण तेलाचा शेवट कर्बवायु आणि पाणी यांत होतो. सोमल हें मूलद्रव्य आहे. तें जळत नाहीं, कुजत नाहीं, जिरत नाहीं. त्याचा नाश नाहीं. फार तर बंदोबस्त करतां येईल.

बंदोबस्ताची पहिली रीत गंजाची. ज्या गंजानें सोमल धरून ठेवला होता तो पुन्हां उत्पन्न करावयाचा, आणि भटक्या आर्सेनाइटला घरबसें आर्सेनेट बनवून त्याला चिकटवावयाचें. हें काम रसायनें घालून करतां येतें. पण जंतूही तें करतात. विहिरींतल्या लोखंडी पाण्यावर जी तांबूस, बुळबुळीत साय येते ती पुष्कळदां अशाच लोहजंतूंची असते. ग्रीस देशांतील थेस्सालोनिकी येथें कात्सोयान्निस व झूबूलिस या शास्त्रज्ञांनीं अशा जंतूंचा थर जमलेल्या गाळण्यांतून पाणी सोडून दाखविलें कीं, लोखंडाबरोबर सोमलही त्यांत अडकतो, आणि आर्सेनाइटचें रूपांतर वेगळें औषध न घालतां तेथल्या तेथें होतें.

पश्चिम बंगालमध्यें बारासातजवळ काशिमपूर येथें २००६ च्या सुमारास याहूनही साधी युक्ति योजण्यांत आली. विहिरीचें थोडें पाणी वर काढावयाचें, तें फवारून हवेनें भरावयाचें, आणि पुन्हां त्याच थरांत सोडावयाचें. प्राणवायु आंत गेला म्हणजे विरघळलेल्या लोखंडाचा गंज होतो, हवा मानणाऱ्या लोहजंतूंना जोर चढतो, आणि सोमल जमिनींतच वाळूला चिकटून राहतो. मग उपसलेलें पाणी पिण्याजोगें असतें. विष वर काढून त्याचें काय करावें हा प्रश्न येथें उद्भवतच नाहीं.

निसर्ग हें काम कोणी न सांगतांही करीत असतो. दक्षिण फ्रान्समधील कार्नूलेस येथें शिसें व जस्त यांची एक खाण १९६२ सालीं बंद झाली. तिच्या टाकाऊ ढिगांतून झिरपणारें आंबट पाणी सोमलानें भरलेलें असतें. तें जेथून ओढ्याला मिळतें तेथून थोड्या मीटरांच्या प्रवाहांतच त्यांतील सोमलाचा मोठा वाटा पिवळसर तांबड्या गाळाच्या रूपानें तळाशीं बसतो, आणि तो बसविणारे कारागीर जंतु आहेत. तेथील जंतूंना यंत्रांत वाढवून खाणीचें पाणी धुतां येईल काय, याचे प्रयोग झालेले आहेत.

बंदोबस्ताची दुसरी रीत गंधकाची. हवा नसलेल्या चिखलांत कांहीं जंतु गंधकाच्या क्षारांचा श्वास घेतात. त्यांतून निघालेला गंधक सोमलाशीं संयोग पावून त्याचा पिवळा साका बनतो. हा साका म्हणजे आपला हरताळच! मॅसॅच्युसेट्समधील मिस्टिक नांवाच्या सरोवराच्या गाळांत हरताळ बनविणारा असा एक जंतु सांपडला. १९९७ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें तेव्हां हरताळाच्या लॅटिन नांवावरूनच त्याला नांव देण्यांत आलें.

जंतूंची आणखी एक सेवा सांगण्याजोगी आहे. मघाशीं मीं ज्या पहारेकऱ्याचा उल्लेख केला, त्याच्या हातीं पंपाऐवजीं दिव्याची कळ दिली तर? निरुपद्रवी जंतूंत असा फेरफार करून, पाण्यांत सोमल असेल तर ते प्रकाशतील अशी योजना स्वित्झर्लंडमधील संशोधकांनीं केली, आणि तिची परीक्षा व्हिएतनाममधील विहिरींच्या पाण्यावर घेतली. तिचे निष्कर्ष २००५ सालीं प्रसिद्ध झाले. विहीर लाल रंगवावी कीं हिरवी, हें ठरविण्याचें काम एक जंतु करूं शकतो!

मग बंगालचा प्रश्न सुटला काय? तसें म्हणणें खोटें आशावचन होईल. बंगालच्या बहुतेक गांवांना आजवर आधार मिळाला आहे तो साध्या उपायांचाच: लाल विहीर सोडून शेजारची हिरवी विहीर वापरणें, किंवा अधिक खोल, सुरक्षित थरापर्यंत नळ उतरविणें. जंतूंचे उपाय त्यांच्या मानानें अद्याप थोडे आहेत. आणि त्यांच्यांत एक अट लपलेली आहे, ती विसरली तर उपायच अपाय होईल. गंजाच्या रीतीला हवा लागते. गाळण्यांतून निघालेला सोमलाचा गाळ एखाद्या खड्ड्यांत शेणकचऱ्याबरोबर पुरला आणि हवा तुटली, कीं गंजाचा श्वास घेणारे तेच जंतु तेथें जमतात आणि बंगालच्या भूमींत जें घडलें तें त्या खड्ड्यांत पुन्हां घडूं शकतें. उलट गंधकाच्या रीतीला हवा वर्ज्य. ती आंत शिरली कीं हरताळ विरूं लागतो. म्हणून यंत्र बसवून उद्घाटनाचा नारळ फोडला म्हणजे काम झालें असें येथें नाहीं. गाळ कोठें टाकला, पंप चालू आहे काय, पाणी पुन्हां केव्हां तपासलें, हें पाहणारा माणूस त्या गांवांत रोज हवा. बंगालच्या नळविहिरी बसविणारांचा हेतु शुद्ध होता. उणीव राहिली ती तपासण्याची. जंतूंवर भिस्त ठेवतांना तीच चूक पुन्हां करणें आपल्याला परवडणार नाहीं.

शेवटीं पोथीकडेच परत येतों. अक्षरावर हरताळ फासला म्हणजे चूक नाहींशी होत नाहीं. ती लेपाखालीं तशीच असते, आणि लेप खरवडला तर पुन्हां डोकें वर काढते. जंतु सोमलावर जो लेप चढवितात तोही असाच आहे. लेप चढविण्याचें काम ते आपल्यासाठीं इमानानें करतील. तो खरवडला जाणार नाहीं हें पाहणें मात्र आपल्याकडे आहे.